पिवळी पट्टी आणि कारकून

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कार्यालयातील संगणकात घातक प्रोग्रॅम शिरला की चौकशी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : ती फाइल उघडली कोणी? पतसंस्थेत २७ वर्षे हिशेब लिहिल्यामुळे मला या प्रश्नाचा राग येतो. दिवसभर लोकांनी पाठवलेल्या एक्सेल फाइली उघडणे हेच ज्याचे काम, त्याने त्यांतली नेमकी एक संशयाने पाहावी, ही अपेक्षा परिपत्रकातच शोभते.

मॅक्रो म्हणजे वर्ड वा एक्सेलच्या फाइलीतच बसवलेला छोटा प्रोग्रॅम. ‘मेलिसा’ विषाणू मार्च १९९९ मध्ये वर्डच्या मॅक्रोतूनच जगभर पसरला. तरीही पुढे कितीतरी वर्षे फाइलीच्या वर दिसणारी एक पिवळी पट्टी आणि तिच्यावरचे मॅक्रो चालू करण्याच्या परवानगीचे बटण एवढाच अडसर होता, आणि ‘बटण दाबल्याशिवाय मजकूर दिसणार नाही’ अशी सूचना भामटेच फाइलीत लिहून ठेवत. अखेर २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. त्यानंतर भामटे आयएसओ (डिस्कची हुबेहूब प्रत असलेली फाइल), शॉर्टकट आणि वननोट (मायक्रोसॉफ्टची टिपणवही) यांच्या फाइलींकडे वळले. म्हणजे कुलूप लागू पडले होते. मी पाहिलेल्या काही कार्यालयांत मात्र ऑफिसची २०१० ची आवृत्ती अजून चालते, जिच्या सुरक्षा दुरुस्त्या २०२० मध्येच थांबल्या.

आणि जिथे कोणी काही उघडलेच नाही, तिथे काय? जून २०१७ मधील ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधील एम.ई.डॉक या करहिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून शिरला आणि त्याची झळ न्हावा शेवा येथील मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या कंटेनर टर्मिनलपर्यंत पोहोचली. तेथे जागरूकतेची व्याख्याने निरुपयोगी ठरतात. रोजच्या वापराच्या खात्याला ॲडमिनचे (म्हणजे संगणकात हवे ते बसवण्याचे व बदलण्याचे) अधिकार नसणे, ज्यांना मॅक्रो लागत नाहीत त्यांच्याकडे ते सरसकट बंद असणे आणि बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवणे, ही कामे व्यवस्थापनाची आहेत. (बॅकअपची पेन ड्राइव्ह त्याच संगणकाला बारा महिने खोचलेली मी पाहिली आहे.)

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. जेथे फाइल उघडणाऱ्याच्या हाती मेमो पडतो, तेथे तो माणूस संगणक बंद करून मुकाट्याने घरी जातो आणि घटना कार्यालयाच्या लक्षात येते ती दुसऱ्या दिवशी सकाळी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखापाल, सातारा