तिकिटावर विमानाचा खरा वेळ छापा : नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

समोरच्या पडद्यावर 'उरलेले अंतर ६४ किलोमीटर' दिसत होते. मग ५८ झाले, मग पुन्हा ६३. धावपट्टी मोकळी नसली की विमानाला आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात. अशी एक फेरी साधारण चार मिनिटांची. आमच्या सात झाल्या. शेजारच्या आजी लेकीच्या ऑपरेशनसाठी निघाल्या होत्या. घडी घातलेले तिकीट पुन्हा पुन्हा उघडून त्या मला विचारत होत्या, "यात तर पावणेदोन तास लिहिलंय ना?" आमचे दोघांचेही पुढचे विमान चुकले. त्यांना दुसऱ्या दिवशीचे मिळाले.

आजींना मी काय सांगणार होतो? जेट विमान ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे हजार किलोमीटरला सव्वा तासही लागू नये. पण तिकिटावरचा वेळ मोजतात तो विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंत. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, वळसे, घिरट्या, सगळे त्यातच.

वाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ५,५४० किलोमीटर. जाताना समोरून वारा असतो म्हणून परतीपेक्षा तासभर तरी जास्त लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचले होते. २०२२ मध्ये रशियाचे आकाश बंद झाले आणि हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेरा तासांच्या आसपास गेला. हे प्रवासी समजून घेतो.

खटकते ते वेगळेच. वेळापत्रकात आधीच जादा मिनिटे घालून ठेवायची, म्हणजे रखडलेले विमानही 'वेळेवर' पोचते. त्यातून अमेरिकेत तर १५ मिनिटांच्या आतला उशीर उशीर म्हणून मोजतच नाहीत. पण पुढचे विमान गाठायचे असते त्याच्यासाठी तीच पंधरा मिनिटे मोलाची असतात.

म्हणून विनंती आहे. तिकीट काढतानाच दोन शहरांमधले पृथ्वीच्या गोलावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर दिसावे. युरोपात विमान रखडल्यास प्रवाशाला मिळणाऱ्या नुकसानभरपाईचे टप्पे याच अंतरावर ठरतात, तेव्हा हा आकडा काढणे अवघड नाही. त्याखाली हवेतला वेळ आणि जमिनीवरचा वेळ वेगवेगळा लिहावा. आणि त्या फ्लाइटला गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्षात किती वेळ लागला, तेही. जागा सोडली, चाके उचलली, चाके टेकली, जागेवर थांबले, या चारही वेळा बहुतेक आधुनिक विमानांत आपोआप नोंदल्या जातात. नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. फक्त ती नोंद प्रवाशासमोर ठेवायला सांगायचे आहे.

हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागू होते. त्याआधी आपण हा आदेश काढावा.

आपला,
एक विमानप्रवासी