आपल्या एच.बी. पेन्सिली आणि आपले उत्तर, या दोन्हींविषयी तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘एच.बी., एक्स्ट्रा डार्क, न तुटणारे शिसे’ असे छापून विकलेल्या शालेय पेन्सिलींमधील दोष, तसेच त्याबाबत आपल्या विभागाकडून आलेले उत्तर.

महोदय / महोदया,

माझ्या पहिल्या ईमेलला आपल्या विभागाने पाठवलेले उत्तर मिळाले. लहान मुले लिहिताना जास्त जोर देतात, त्यामुळे टोक मोडणे स्वाभाविक आहे; चांगला शार्पनर वापरावा आणि पेन्सिल खाली पडू देऊ नये, असा त्याचा सारांश. हे उत्तर मला मान्य नाही. दुसरीतल्या मुलीच्या हातून पेन्सिल कधीच पडणार नाही असे धरून तुम्ही माल बनवत असाल, तर पाकिटावर दप्तर घेतलेली मुले कशाला छापता?

मी कोण, हे आधी सांगतो, म्हणजे पुढचे लिहिणे सोपे जाईल. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला आरेखक आहे. टेबलावर संगणक यायच्या आधी आमचे सगळे काम टी-स्क्वेअर आणि पेन्सिलीवर चालायचे. कालव्याचा नकाशा आधी कागदावर पेन्सिलीने उतरायचा, साहेबांनी पाहिला की मग ट्रेसिंगवर शाई. बारीक रेघांना कडक शिशाची टू-एच, कधी फोर-एच, आणि अक्षरांना एच.बी. टोक ब्लेडने काढायचे आणि सँडपेपरच्या पट्टीवर घासून सुईसारखे करायचे. सगळी नोकरी असे टोक करण्यात गेल्यावर पेन्सिलीचे काय बिघडले आहे ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

आता तक्रार. शाळा उघडायच्या सुमाराला साताऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानातून आपले दहा पेन्सिलींचे पाकीट घेतले. नात दुसरीत आहे. मराठीला दुरेघी वही, गणिताला चौकटींची. संध्याकाळी शुद्धलेखन आणि पाढे एवढाच तिचा घरचा अभ्यास, आणि त्यातला निम्मा वेळ टोक करण्यात जायला लागला. शार्पनरमध्ये दोन वेढे फिरवले की टोक आतच तुकडा होऊन राहते, तो काढून पुन्हा फिरवावे तर पुन्हा तेच. शार्पनर माझा आहे, पोलादी पात्याचा, नवा. तरीही आपल्या सूचनेचा मान राखून मी पुढची पेन्सिल ब्लेडने, जुन्या सवयीने, हळूहळू तासली. लाकूड सुटले आणि शिशाचा तुकडा आपोआप बाहेर आला. त्याला कोणी हातही लावला नव्हता, मग जोर कोणी दिला?

म्हणून एक न वापरलेली पेन्सिल दोन फळ्यांच्या जोडावर मधोमध चिरली. शिसे आत आधीच तुटलेले होते, एकाखाली एक तुकडे. शिवाय ते खोबणीत सैल होते, टाचणीने ढकलले तर सरकत होते. पेन्सिल कशी बनते हे मी तुम्हाला शिकवावे असे नाही, पण आपले उत्तर लिहिणाऱ्या व्यक्तीला ते माहीत असावे अशी माझी अपेक्षा आहे. लाकडाच्या पातळ फळीवर खोबण्या पाडतात, त्यांत शिशाच्या कांड्या बसवतात, वरून तशीच दुसरी फळी सरसाने चिकटवतात आणि मग एकेक पेन्सिल कापून काढतात. शिसे लाकडाला सर्व बाजूंनी चिकटलेले असेल तर पेन्सिल बाकावरून फरशीवर पडली तरी धक्का लाकूड खाते. ते खोबणीत सुटे असेल तर धक्का शिशाला बसतो आणि ते आतल्या आत तुटते. बाहेरून काही दिसत नाही. पाकिटावरच्या ‘न तुटणारे शिसे’ या शब्दांचा अर्थ शिसे लाकडाला पक्के चिकटवले आहे असाच व्हायला हवा. मी चिरलेल्या पेन्सिलीत ते चिकटवलेलेच नव्हते.

दुसरा दोष डोळ्यांनी दिसणारा आहे. पेन्सिलीचे न तासलेले टोक समोर धरून बघा. शिशाचा ठिपका बरोबर मध्यभागी हवा. या दहांपैकी सहांत तो एका कडेला सरकलेला आहे. खोबण्या जुळल्या नाहीत, किंवा लाकूड नीट वाळवलेले नव्हते आणि मागून वाकले, यांपैकी एक. अशी पेन्सिल तासली की एका बाजूला शिसे उघडे पडते आणि दुसऱ्या बाजूला लाकडाची जीभ टोकापर्यंत येते. ती जीभ कागदाला घासते. मूल पेन्सिल बोटांत फिरवत फिरवत लिहिते, त्यामुळे एक रेघ उमटते, दुसरी उमटत नाही. मराठी लिहिताना हे जास्त जाचते, कारण प्रत्येक शब्दावर आडवी शिरोरेषा ओढायची असते आणि ती मधेच तुटते. मोडक्या, बोथट टोकाने लिहिले की गाठी भरून जातात. ‘भ’ची गाठ भरली की तो ‘म’सारखा दिसतो, ‘ध’ आणि ‘घ’ यांत फरक उरत नाही. वर्गशिक्षिका लाल शाईने गोल करतात आणि मुलीला वाटते आपल्याला अक्षरच येत नाही.

जोर देण्याच्या मुद्द्यावर मात्र मला थोडे थांबायचे आहे, कारण आपण तिथे कारण आणि परिणाम उलटे केले आहेत. मुले जोर देतात, हे खरे. का देतात? पेन्सिल उमटत नाही म्हणून. ग्राफाइटची पूड आणि चिकणमाती एकत्र मळून, तिच्या कांड्या करून भट्टीत भाजायच्या, ही पद्धत निकोला-जाक काँते या फ्रेंच माणसाने 1795 मध्ये काढली. आजही मूळ कृती तीच आहे. माती वाढवली की शिसे कडक आणि रेघ फिकी, ग्राफाइट वाढवले की शिसे मऊ आणि रेघ काळी. एच.बी. हा मधला बिंदू, म्हणूनच तो शाळेसाठी वापरतात. आपल्या एकाच पाकिटातली एक पेन्सिल टू-एचसारखी फिकी आणि खरखरीत लिहिते, तर दुसरी टू-बीसारखी मऊ असून हाताची कड काळी करते. एका कंपनीची एच.बी. दुसऱ्या कंपनीच्या एच.बी.शी तंतोतंत जुळत नाही, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण एकाच पाकिटातल्या दोन पेन्सिली एकमेकींशी तरी जुळाव्यात की नाही?

खरखरीबद्दलही लिहितो. लिहिताना मधेच कचकन खडा लागल्यासारखे होते आणि कागद ओरखडतो. माती पुरेशी बारीक दळली-गाळली नाही की असे होते. गणिताच्या वहीचा कागद आधीच पातळ, त्यावर ओरखडा पडला की खोडरबर फिरवताना भोक पडते. मग मूल ‘जोर देते’ असे तुम्ही म्हणायला मोकळे.

आणि ‘एच.बी.’ व ‘एक्स्ट्रा डार्क’ हे दोन्ही एकाच पेन्सिलीवर का छापता? जास्त काळे हवे तर शिसे मऊ करावे लागते, आणि मऊ शिसे लवकर झिजते, पसरते, खोडले की कागदावर धूसर डाग ठेवते. पालकांना काळे अक्षर आवडते म्हणून तो शब्द टाकला असावा. विकायची तर टू-बी म्हणून उघडपणे विका, घेणारे घेतील. चौकटींच्या वहीत आकडे लिहायला ती बरी नाही, एवढे मी माझ्या शेजारपाजारच्या आईवडिलांना सांगतच असतो.

मला जास्त राग आला तो पुढच्या गोष्टीने. माझा थोरला नातू आठवीत आहे, कला संचालनालयाच्या एलिमेंटरी परीक्षेची तयारी करतो. वस्तुचित्राच्या छायेसाठी त्याने फोर-बी आणि सिक्स-बी आणल्या, त्याही आपल्याच कंपनीच्या, चित्रकलेच्या मालिकेतल्या. मी त्या समोर धरून पाहिल्या. शिसे मधोमध, लाकूड सरळ रेषांचे, सालपट एकसंध निघते, एकही टोक शार्पनरमध्ये अडकले नाही. म्हणजे चांगली पेन्सिल बनवता येत नाही अशातला भाग नाही. येते. फक्त ती शाळेच्या पाकिटात घालायची नाही असे ठरलेले दिसते. चित्रकार तक्रार करेल, दुकान बदलेल. पहिली-दुसरीतले पोर काय करणार, शिक्षा म्हणून पुन्हा तेच पान लिहून काढेल.

लाकडाला दोष देऊ नका, ही आगाऊ विनंती. आपल्या देशातल्या पेन्सिलींचे बरेचसे लाकूड काश्मीरच्या पुलवामा जिल्ह्यातून, पॉप्लरचे, येते. तिथल्या उखू गावाची ‘पेन्सिलींचे गाव’ म्हणून ओळख आहे आणि ऑक्टोबर 2020 मध्ये पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्येही पुलवाम्याच्या या धंद्याचा उल्लेख झाला होता. पॉप्लर हलके आणि मऊ लाकूड आहे, नीट वाळवले तर पेन्सिलीला उत्तम. ते पुरते वाळायच्या आधी खोबण्या पाडायची घाई झाली तर त्यात झाडाचा काय दोष? करालाही दोष देता येणार नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून पेन्सिलीवरचा बारा टक्के जीएसटी शून्यावर आला आहे. ती सूट ग्राहकापर्यंत किती पोचली, हा वाद आज काढत नाही.

रंगाविषयी एक प्रश्न. पाकिटावर ‘विषारी नाही’ असे लिहिले आहे, पण कोणत्या चाचणीच्या आधारे, ते कुठेच नाही. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे या धातूचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त असू नये, असा नियम केंद्र सरकारने 2016 मध्ये केला. भिंती कोणी चघळत नाही. पेन्सिलीचे मागचे टोक मात्र विचार करता करता सगळी मुले चघळतात आणि आपल्या पेन्सिलीचा रंग नखाने खरवडला तरी पापुद्र्यासारखा निघतो. या रंगाच्या चाचणीचा अहवाल मला पाठवावा.

एक गोष्ट चांगली आहे, तीही लिहितो. आकार त्रिकोणी ठेवला आहे तो बरा. तीन बोटांत नीट बसते आणि उतरत्या बाकावरून गडगडत खाली जात नाही. आकार कायम ठेवा, आतले सुधारा.

दुकानदाराशी माझे भांडण नाही. तो तरी काय तपासणार? पाकीट चारी बाजूंनी बंद, पेन्सिलींची टोके आत. पूर्वी दुकानात पेन्सिली सुट्या मिळायच्या. टोक बघायचे, काउंटरवर लोळवून वाकडी आहे का ते पाहायचे, रद्दीच्या कागदावर एक रेघ ओढायची आणि मग पैसे द्यायचे. लाल-काळ्या पट्ट्यांची नटराज आम्ही पोरांसाठी अशीच निवडून आणत असू. बंद पाकिटाने निवडायची ही सोय काढून घेतली. मग निवडण्याचे काम तुमच्या कारखान्यातल्या तपासनिसाने करायला हवे. ते करत नसाल तर निदान पाकिटाला टोकांच्या बाजूने खिडकी ठेवा. जिल्हा परिषदेच्या शाळेतली बरीच मुले आजही एका वेळी एकच पेन्सिल घेऊन येतात. त्यांच्या दप्तरात दुसरी नसते, आणि ती आतून तुटलेली निघाली तर त्या दिवशी वर्गात ते मूल नुसते बसून राहते किंवा शेजारच्याकडे मागत राहते.

माझ्या मागण्या अशा. पाकिटाच्या बदल्यात आपण ‘सदिच्छा’ म्हणून देऊ केलेली भेटपेटी मला नको. पाकिटाची किंमत परत करा किंवा तपासून निवडलेले दुसरे पाकीट द्या. पाकिटावरच्या बॅच क्रमांकाचा उरलेला माल बाजारात कुठे आहे ते पाहून परत मागवा आणि तपासणीत काय आढळले ते लेखी कळवा. शिसे चिकटवलेले नसेल तर ‘न तुटणारे’ हे शब्द छापणे बंद करा. आणि मूल जोर देते, हे छापील उत्तर आपल्या विभागाच्या संगणकातून काढून टाका. कारखान्यात झालेल्या चुकीचा ठपका पोराच्या हातावर ठेवणे मला अजिबात पटत नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. सदोष वस्तू आणि दिशाभूल करणारी जाहिरात, दोन्ही त्या कायद्यात येतात. रक्कम क्षुल्लक आहे म्हणून मी तेवढ्यासाठी फेरी मारणार नाही, असे समजू नये. निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो.

आपला,
एक ग्राहक
सातारा

सोबत : दुकानाच्या बिलाची प्रत, बॅच क्रमांक व किंमत दिसेल असे पाकिटाचे छायाचित्र, मधोमध चिरलेली पेन्सिल, शिशाच्या तुकड्यांसह, शिसे कडेला सरकलेल्या सहा पेन्सिली, आपल्याच चित्रकला मालिकेतील फोर-बी पेन्सिल, तुलनेसाठी (ही परत पाठवावी, नातवाची आहे).