‘निधी दिला’ म्हणजे खर्च झाला नव्हे

लोकसभेतील प्रश्नोत्तराच्या तासावरील अग्रलेख वाचला. खासदारांनी जास्त प्रश्न विचारावेत ही त्यातली अपेक्षा रास्तच, पण खरी उणीव प्रश्नाच्या शब्दरचनेत आहे. दिवसाला जास्तीत जास्त 20 तारांकित (म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे) प्रश्न लागतात आणि तासाभरात त्यांतले मोजकेच पुकारले जातात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते, त्यावर पूरक प्रश्न विचारता येत नाही. म्हणून पहिल्याच प्रश्नात सगळे नेमके मागावे लागते.

‘रुग्णालयांसाठी किती निधी दिला?’ असे विचारले की वितरित रकमेचा आकडा येतो आणि विषय संपतो. ते पैसे खात्यात पडून असू शकतात. अर्थसंकल्पी तरतूद, सुधारित अंदाज (वर्षभरात बदललेली तरतूद), वितरित रक्कम, प्रत्यक्ष खर्च आणि प्रलंबित उपयोगिता प्रमाणपत्रे (निधी ठरल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले), हे सारे वर्षनिहाय व जिल्हानिहाय मागावे. यंत्र खरेदीची तारीख मागताना ते सुरू झाल्याची तारीख आणि तंत्रज्ञांची मंजूर व भरलेली पदेही विचारावीत. तंत्रज्ञ नसल्याने खोक्यातच राहिलेले यंत्र कागदावर ‘खर्च झाला’ असेच दिसते!

‘माहिती संकलित केली जात आहे’ हे उत्तर आश्वासन मानले जाते व त्याच्या पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत असते. ती उलटल्यावर खासदाराने सरकारी आश्वासनांच्या पूर्ततेवर लक्ष ठेवणाऱ्या लोकसभेच्या आश्वासन समितीकडे पाठपुरावा केलाच पाहिजे.