कृष्णधवल चित्रपटांना रंग फासू नका

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या चित्रपटांतील गाणी 'आता रंगीत स्वरूपात' म्हणून हल्ली मोबाइलवर फिरत असतात. परवा त्यातलेच एक गाणे माझ्या मुलीने मला कौतुकाने दाखवले. माझे ते फार आवडते गाणे. मूळ चित्रणात नायिका खांबाआड उभी आहे. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, आणि अंधारातल्या डोळ्यात एक बारीक ठिपका चमकतो. तिचे डोळे भरून आलेत हे त्या ठिपक्यावरूनच कळते. रंगवलेल्या गाण्यात अंधाराची ती बाजू तपकिरी झाली होती, गालांवर सरसकट गुलाबी थर होता आणि ठिपका दिसतच नव्हता. साडीला जांभळा रंग दिला होता. तो कशावरून ठरवला, याचा कुठेही उल्लेख नव्हता. "बाबा, आता किती छान दिसतंय ना!" असे मुलगी म्हणाली आणि मला चटकन काही बोलता आले नाही. तिला तेव्हा द्यायचे राहिलेले उत्तर इथे लिहितो आहे.

त्या काळी रंग नव्हते म्हणून बिचाऱ्यांनी काळ्या-पांढऱ्यात भागवले, असा आपल्याकडे पक्का समज आहे. त्यात थोडे तथ्य आहेच. रंगीत फिल्म महाग होती आणि अनेकांचा तो नाइलाजही होता. पण व्ही. शांताराम यांचे उदाहरण पाहा. 'प्रभात'च्या 'सैरंध्री'साठी त्यांनी 1933 सालीच रंगाचा प्रयत्न केला, त्यासाठी फिल्म जर्मनीला नेली, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. पुढे 1955 मध्ये 'झनक झनक पायल बाजे' त्यांनी टेक्निकलर या रंगीत चित्रणाच्या पद्धतीत केला आणि तो पाहायला लोकांनी गर्दी केली. म्हणजे रंग हातात आला होता, प्रेक्षकांना आवडलाही होता. तरीही 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' त्यांनी कृष्णधवल केला, आणि 1959 चा 'नवरंग' पुन्हा रंगीत. नृत्याला रंग दिले आणि सहा कैद्यांच्या गोष्टीला ते दिले नाहीत. कारणे काहीही असोत, त्या गोष्टीतल्या ओसाड माळरानाची कल्पना मी आज रंगांत करूच शकत नाही. हॉलिवूडचा दिग्दर्शक हिचकॉकही आधी रंगीत चित्रपट करून 1960 मध्ये 'सायको' या भयपटासाठी काळ्या-पांढऱ्याकडे वळला. त्यातले रक्त म्हणजे चॉकलेटचे सिरप होते. पडद्यावर ते काळे वाहते, आणि काळे असूनही आपला थरकाप उडतो.

काळ्या-पांढऱ्यात चित्रण करणे हे वेगळेच कसब आहे, हे मला एका साध्या प्रयोगातून उमगले. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'कलर' शून्यावर आणा आणि नेहमीचा एखादा रंगीत चित्रपट लावा. मी लावून पाहिला. हिरव्यागार झाडापुढे लाल साडीतली बाई उभी होती. रंग काढल्याबरोबर ती झाडात जवळजवळ विरघळली, कारण तो लाल आणि तो हिरवा राखाडीत एकाच छटेचे निघाले. सगळे चित्र चिखलासारखे सपाट. मग त्याच टीव्हीवर 1950 च्या दशकातला एक कृष्णधवल चित्रपट लावला, तर माणूस भिंतीपासून सुटून पुढे आलेला. रंगीत चित्रणात माणूस आणि मागची भिंत रंगामुळे आपोआप वेगळी दिसतात. इथे ती सोय नसते. म्हणून छायाचित्रकार पाठीमागून दिवा मारून केसांना, खांद्यांना उजेडाची कड देतो, भिंतीवरचा प्रकाश एका बाजूने कमी करत नेतो, बाहेर चित्रण असेल तर भिंगावर लाल फिल्टर चढवून निळे आकाश गडद करतो आणि ढग उठवतो. सारा संसार फक्त उजेड आणि सावलीवर.

हे काम किती टोकाला नेता येते याची दोन उदाहरणे मला कायम आठवतात. 1959 च्या 'कागज़ के फूल'मध्ये एका गाण्यात अंधाऱ्या, रिकाम्या स्टुडिओत छतापासून जमिनीपर्यंत उतरणारा प्रकाशाचा तिरका झोत आहे. छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी त्यासाठी बाहेरचे ऊन मोठ्या आरशांवरून वळवून आत आणले होते. दोन माणसे एकमेकांपासून दूर उभी आहेत आणि मध्ये तो झोत. त्यांच्यातले अंतर शब्दांवाचून समजते. त्याच्या अगदी उलट काम छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी 1956 च्या 'अपराजितो'त केले. बनारसमधल्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले होते, पण खऱ्या अंगणात वरून झिरपणारा, सावली न पाडणारा उजेड थेट दिव्यांनी येईना. त्यांनी सेटच्या वर पांढरे कापड ताणले, खालून त्यावर दिवे मारले आणि परतून येणाऱ्या मऊ प्रकाशात चित्रण केले. एकाने अंधार कापला, दुसऱ्याने उजेड पसरवला. या दोन्हींवर एकाच यंत्राने रंगांचा थर चढवला तर त्यात उरणार काय?

'आम्ही फक्त मूळ रंग परत आणतो', असा एक युक्तिवाद ऐकू येतो. मला तो मुळीच पटत नाही. पडद्यावर दिसावेत म्हणून ते रंग निवडलेच नव्हते. कपडे, भिंती, रंगभूषा हे सारे राखाडीत कसे उतरेल हे पाहून ठरायचे. शुभ्र कापड दिव्यांखाली डोळ्यांत खुपते, म्हणून ते किंचित मळकट करून घेत. मूकपटांच्या काळात तर बराच काळ वापरात असलेली फिल्म लाल रंग पकडतच नसे. लाल ओठ तिच्यावर काळे उमटत, आणि रंगभूषाकार त्याचा विचार करूनच ओठ रंगवत. तेव्हा प्रत्यक्ष सेटवर जे होते ते उद्या हुबेहूब रंगांत दाखवले, तरी ते दिग्दर्शकाच्या मनातले चित्र नव्हेच. आणि संगणकाला तर तेही ठाऊक नसते. तो अंदाजाने रंग भरतो.

माझे रंगाशी भांडण नाही. 'मुग़ल-ए-आज़म' 1960 मध्ये आला तेव्हा शीशमहालातले गाणे आणि शेवटचा भाग रंगीत होता, बाकी सगळा कृष्णधवल. दिग्दर्शक के. आसिफ यांना अधिक रंग हवे होते असे सांगतात. त्यामुळे 2004 मध्ये तो पूर्ण रंगीत होऊन आला, त्याबद्दल माझी तक्रार नाही, जरी मी स्वतः जुनाच पाहतो. पण ज्यांनी जाणूनबुजून राखाडी निवडला त्यांचे काय? दिग्दर्शक स्पीलबर्गने 1993 मध्ये 'शिंडलर्स लिस्ट' जवळजवळ सगळा काळ्या-पांढऱ्यात करून गर्दीतल्या एका लहान मुलीचा कोट तेवढा लाल ठेवला. उद्या कुणी तो चित्रपट 'पूर्ण रंगीत' केला, तर गर्दीतली ती चिमुरडी आपल्याला सापडणारच नाही.

म्हणून दोन विनंत्या. पहिली, चित्रवाहिन्या आणि ओटीटी कंपन्यांना: रंगवलेली प्रत खुशाल दाखवा, पण शेजारीच मूळ प्रत ठेवा, आणि रंग नंतर चढवले आहेत हे सुरुवातीलाच पडद्यावर लिहा. दुसरी आपल्याला: आपल्या पुरवणीत जुन्या चित्रपटाची शिफारस छापताना तो मूळ कृष्णधवल रूपात कुठे पाहायला मिळेल, एवढी एक ओळ द्यावी. येत्या रविवारी मुलीला मी ते गाणे मूळ रूपात दाखवणार आहे, खोलीतले दिवे मालवून, मोठ्या पडद्यावर. डोळ्यातला तो ठिपका तिला दिसतो का, ते मला पाहायचे आहे.

आपला,
एक नियमित वाचक