दादा, तो लाल पिक्सेल अजून पुसलेला नाही

दादा,

नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतंच दादा. साताऱ्यात परवा तुम्ही माझ्या गेमच्या चित्राच्या फायलीत जो एक लाल पिक्सेल ठेवलात, त्याचे हे आभार.

टाइल, म्हणजे जो चौकोनी तुकडा पुन्हा पुन्हा लावून गेममधली भिंत बनते तो, 16 बाय 16 पिक्सेलची. अजिंक्यताऱ्याच्या तटासारखा काळा दगड, चिऱ्यांचे दोन थर, मध्ये एक पिक्सेलची दरज. एकटी बघितली तर झकास, लेव्हलमध्ये ओळीनं लावली की भिंतीवर जाळी मारल्यासारखी. फी मोजून घेणाऱ्या क्लासात यावर उत्तर मिळालं, "रेडिमेड पॅक विकत घे." दुसरे एक जाणकार म्हणाले, रंग बदल. चार छटांच्या पाच केल्या. जाळी जागच्या जागी!

तुम्ही आधी फायलीची कॉपी केलीत, "मूळ राहू दे" म्हणालात. मग चित्रं काढायच्या गिम्प प्रोग्रॅममधला ऑफसेट घेतलात, म्हणजे अख्खं चित्र सरकवलंत: आडवं 8, उभं 8, कडेबाहेर गेलेलं पलीकडून आत. चारही कडा मधोमध आल्या आणि तिथं दरज दोन पिक्सेल जाड दिसली. चारही बाजूंना दरज काढली होती ना, मग शेजारच्या दोन टाइल्सच्या दरजा जुळून दुप्पट होणारच. ती फक्त उजवीकडं आणि खाली काढायची. डावी आणि वरची कड शेजारणीकडून येते. पण हे तुम्ही बोलला नाहीत. नवा लेअर, म्हणजे चित्रावरचा वेगळा पारदर्शक थर घेतलात, जाड सांध्यावर लाल ठिपका ठेवलात आणि माउस माझ्याकडं सरकवलात. "बघ आता." बास. खोडरबराला हातसुद्धा लावला नाहीत.

हुशारी पुष्कळांकडं असते हो. दुसऱ्याचं काम दुसऱ्याच्याच हातानं होऊ द्यायला जी सबुरी लागते, ती त्या क्लासच्या फीमध्ये धरलेली नव्हती.

आता वरच्या थराचा उभा सांधा सोळाव्या रकान्यात आहे, खालचा आठव्यात; गवंडी एकाखाली एक सांधा येऊ देत नाही, तसंच. तडा गेलेला चिरा मूळ टाइलमधून काढला, कारण तोच तडा दर 16 पिक्सेलला दिसला की भिंतीचा छापील पडदा होतो. तड्याची टाइल वेगळी केली आणि स्क्रीनवर एखाद्याच ठिकाणी लावली. गवताच्या कडांना, चार बाजूंना शेजारी गवत आहे की नाही या हिशेबानं, 16 टाइल्स पुरतील असं वाटलं होतं, पण आतले कोपरे तुटके दिसले. कोपरे धरले की 47 लागतात. कोपऱ्याचा शेजारी तेव्हाच मोजायचा, जेव्हा त्याला लागून असलेल्या दोन्ही बाजू भरलेल्या असतात. म्हणून आठ शेजाऱ्यांच्या 256 जुळण्यांऐवजी 47 वर भागतं.

कॅमेरा सरकताना टाइल्समध्ये चमकणारी बारीक रेघही गेली. फिल्टर निअरेस्ट केला, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांचे रंग एकमेकांत मिसळणं बंद केलं, कॅमेरा पूर्ण पिक्सेलवर थांबवला आणि सगळ्या टाइल्स एकत्र ठेवलेल्या चित्रात, म्हणजे शीटमध्ये, प्रत्येक टाइलची कड चारी बाजूंनी एकेक पिक्सेल वाढवून 18 ची जागा दिली. गेमचा 320 बाय 180 पिक्सेलचा स्क्रीन सहापट केला की बरोबर 1920 बाय 1080. अडीचपट करू नये. काही पिक्सेल दोनाचे होतात, काही तीनाचे.

लाल ठिपक्याचा लेअर झाकून ठेवलाय, नाव 'दादा'. ऊन वरून डावीकडून धरलंय, आता बुरुजाची गोलाई तेवढी राहिलीय. रविवारी या. माउस मीच धरेन.