टाकळी ढोकेश्वरला जाण्याआधी

चि. नंदूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "निवड झालीय, आता फाटे फोडू नकोस," आणि फोन ठेवलास. मी नको म्हटलेलंच नाही. बोलताना शब्दाने शब्द वाढतो, म्हणून लिहिते.

आपल्या छकूचं नाव टाकळी ढोकेश्वरच्या नवोदयच्या, म्हणजे त्या सरकारी निवासी शाळेच्या, सहावीच्या यादीत आलं, हे आळीत सगळ्यांना सांगून झालंय. प्रवेश परीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न आणि त्यातले ४० मानसिक क्षमतेचे. आपल्याकडची मुलं अडकतात ती गणितात नाही, त्या आकृत्यांत, कारण वर्गात त्या कुणी शिकवत नाही. घडी घालून भोक पाडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल, हे पोरीने जुन्या वह्यांच्या पानांना खरंच भोकं पाडून समजून घेतलं. सहावीसाठी ही परीक्षा एकदाच देता येते. तिने ती साधली. ते सोडून द्या असं मी कशी म्हणेन?

फक्त ती सांगत नाही, नंदू. फळा दिसत नव्हता तर शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत राहिली. बाईंच्या लक्षात आलं म्हणून चष्मा लागला. तुझा कान वाहायचा तेव्हा तूही उशी उलटी करून ठेवायचास, तेच हिच्यात उतरलंय. घरी आपण चेहऱ्यावरून ओळखतो. तिथे एवढ्या मुलींत कोण ओळखणार?

असो. सुजाता म्हणते, तालुक्याच्या शाळेत काय वाईट आहे? वाईट काही नाही, पण निकालाच्या फलकावरून शाळा ठरवू नका. शंभर टक्के निकाल म्हणजे सगळी पास झाली एवढंच, हुशार पोरीला तिथे काय मिळेल ते त्यातून कळत नाही. गणित-विज्ञानाच्या शिक्षकांच्या जागा भरलेल्या आहेत का, की तासिकेवरचे येतात-जातात, ते विचार. नववीच्या चार-पाच प्रयोगवह्या मागून बघ. सगळ्यांच्या निरीक्षणांचे आकडे तंतोतंत सारखे असले, तर प्रयोगशाळेचं कुलूप उघडत नाही असं समज. तालुक्याच्या शाळेत राहिली तर आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा देता येईल. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. नवोदयच्या मुलांना ती शिष्यवृत्ती नाही, पण तिथे राहणं-जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं फुकट, आणि नववीपासूनचा विकास निधी मुलींना माफ. म्हणजे पैशांवरून काही अडत नाही. "नवोदयचं नववीत बघू" हा विचार मात्र करू नका. तिथे नववीला फक्त रिकाम्या झालेल्या जागा भरतात आणि त्या असतील-नसतील.

नवोदयमधली खरी अडचण भाषेची. सुरुवातीला मराठीतून शिकवतात, सातवी-आठवीनंतर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, समाजशास्त्र हिंदीतून. हुशार मुलं इथेच फसतात, कारण त्यांना पाठ करून वेळ मारून नेता येते. गुण चांगले पडतात, पाया कच्चा राहतो आणि नववीत सगळं एकदम अंगावर येतं. सहावीपासूनच एक वही कर. डावीकडे छेद, परिमिती, लसावि, उजवीकडे इंग्रजी शब्द, खाली त्याचं एक सोडवलेलं उदाहरण. दिवसाला पाच शब्द पुष्कळ झाले. उदाहरण इंग्रजीत वाचून तिला मराठीत सांगता आलं, तरच ते आलं असं धर.

आणि तिथे जास्तीत जास्त ८० मुलं घेतात, बहुतेक आपापल्या शाळेत पहिली आलेली. पहिल्या चाचणीत छकू तिसावी आली तर घाबरू नका. ती कोमेजेल आणि सांगणार नाही. "किती पडले?" विचारू नकोस, "कुठलं उदाहरण अडलं?" विचार. "कशी आहेस?" म्हटलंस तर "बरी" म्हणेल. जेवणात काय होतं, शेजारी कोण बसलं, काल रात्री झोप लागली का, असं एकेक विचारलंस की बोलेल.

किती शिकवतेय मी तुम्हाला. राग मानू नका, तुम्ही दोघंही तिच्या भल्याचंच बघताय. तरी सुट्टीत एवढं करून घ्या. तिची वेणी तिला घालता आली पाहिजे, चड्डी-बनियन स्वतः धुता आलं पाहिजे. पाळी तिथे असतानाही येऊ शकते, सुजाताने पॅड कसं लावायचं ते दाखवून ठेवावं आणि दोन पाकिटं पेटीत द्यावीत. हाऊसच्या, म्हणजे वसतिगृहाच्या बाई आणि नर्स, या दोघींशी पहिल्याच दिवशी तुमच्यासमोर तिला बोलायला लावा. "मला बरं नाही, मला नर्सकडे जायचंय," हे वाक्य तिच्याकडून मोठ्याने म्हणून घ्या. पोरीच्या तोंडून ते निघालं पाहिजे.

पहिल्या पंधरवड्यात ती रडेल. "पुढच्या रविवारी न्यायला येतो," असं खोटं कबूल करू नकोस, मग ती रविवारच मोजत बसते. दिवाळीच्या सुट्टीनंतर परत जाणं पहिल्या दिवसापेक्षा जड असतं, तेव्हा आळेफाट्याला गाडी बदलायला लागली तरी दोघंही सोडायला जा. नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात, वर्गातली तीस टक्के. ते अजून लांब आहे, पण मला आत्तापासून झोप नाही. हिंदीत तरी ती सांगेल का?

आता कागद. तिसरी ते पाचवी पूर्ण ग्रामीण शाळेत झाल्याचा दाखला लागेल. शहरी शाळेच्या पटावर एक दिवस जरी नाव असलं तरी ग्रामीण कोट्यातून बाद होतात. धाकट्याच्या जन्माच्या वेळी छकू संगमनेरला मावशीकडे होती, तेव्हा नाव गावच्याच पटावर होतं ना? मुख्याध्यापकांकडून जनरल रजिस्टर उघडून खात्री कर. जन्मदाखला, आधार आणि रजिस्टर, तिन्हींत नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच आहे का ते अक्षर न् अक्षर ताडून बघ. फरक निघाला तर दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून याच आठवड्यात बघ. वैद्यकीय तपासणीआधी चष्म्याचा नंबर पुन्हा काढून घे आणि एक जादा चष्मा करून दे, त्याचे पैसे मी देते.

रजिस्टरचं काय निघालं ते लगेच कळव. सुजाताला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी,
आई