रुग्णाला शिकवणे हेही नर्सिंगच

१२ मेच्या परिचारिका दिनानिमित्त आपल्या अंकात आलेले लेख वाचले. 'सेवेची मूर्ती' वगैरे कौतुक दरवर्षीचेच, त्याचे वाईट वाटत नाही. पण रुग्णाला स्वतःचे स्वतः करता यावे म्हणून त्याला तयार करणे, हे आमचे काम त्यात कधीच येत नाही.

डोरोथिया ओरेम (१९१४–२००७) या अमेरिकन परिचारिकेने यावर अख्खा सिद्धांत मांडला. त्यांचे पुस्तक १९७१ साली आले. नर्सिंगच्या मुली तो आजही पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात, कारण वॉर्डात त्याला वाव नसतो. ओरेमबाईंचे म्हणणे सरळ आहे. माणूस एरवी आपली काळजी आपण घेतोच. आजारपणात जेवढे त्याला झेपत नाही, तेवढेच परिचारिकेने भरून काढायचे. बेशुद्ध रुग्णाचे सगळे करायचे, ऑपरेशन झालेल्याला लागेल तिथे हात द्यायचा आणि ज्याला जमण्यासारखे आहे त्याला शिकवायचे, धीर द्यायचा. नातेवाइकांनाही त्यांनी यात धरले आहे, पण रुग्णाला जमत नसेल तिथेच.

आपल्याकडे मात्र माणूस खाटेवर पडला की घरचे त्याला हलू देत नाहीत. आमच्या वॉर्डात डाव्या अंगावरून वारं गेलेले एक गुरुजी होते. उजवा हात धड, तरी सून घास भरवायची आणि मुलगा सदरा चढवायचा. मी शिकवायला गेले, तर मुलगा म्हणाला, "मग आम्ही कशाला आहोत, सिस्टर?" सदरा घालताना आधी लुळा हात बाहीत घालायचा, मग धड, काढताना उलट. एवढेच. गुरुजी आधी माझ्यावर चिडले. पुढे बटणेही एका हाताने लावू लागले, तेव्हा पाण्याचा पेला पुढे करणाऱ्या मुलावर चिडले!

इन्सुलिनचे तर विचारू नका. डिस्चार्ज कार्डावर 'सकाळ-संध्याकाळ' लिहिले की आपण मोकळे. एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या बाटलीला त्याच मापाची, लाल टोपणाची सिरिंज लागते. दुकानातून मिलीलिटरला १०० युनिटच्या मापाची, केशरी टोपणाची आली आणि तिच्यात २० च्या रेघेपर्यंत औषध भरले, तर अंगात जातात ८ युनिट. मग साखर उतरत नाही आणि डॉक्टर डोस वाढवतात. हे तोंडी सांगून कळत नाही, रुग्णाकडून समोर भरून घ्यावे लागते.

मनुष्यबळ नाही हे मान्य. रात्रपाळीला भरलेल्या वॉर्डात एकटीने धावणारी सिस्टर कुणाला काय शिकवणार? पण दिलेल्या इंजेक्शनची नोंद होते, सलाइनची होते. शिकवण्यात गेलेला वेळ कुठेच लिहिला जात नाही. म्हणून पदे ठरवतानाही तो हिशेबात येत नाही. आरोग्य विभागाने निदान डिस्चार्ज कार्डावर एक रकाना वाढवावा : 'रुग्णाने स्वतः करून दाखवले – होय/नाही', आणि खाली सिस्टरची सही.

– एक निवृत्त अधिपरिचारिका, कराड